मस्कॅटची वाइन गोड लागते, पण त्यात साखर कुणी घातली?

मागच्या फेब्रुवारीत अकलूजला घरी गेले होते. आमच्या प्रयोगशाळेतला एक सहकारी इटलीहून परत येताना प्रत्येकासाठी काही ना काही घेऊन आला होता. माझ्या वाट्याला आली 'मोस्कातो द'आस्ती'ची एक बाटली. ती बॅगेत कपड्यांत गुंडाळून घरी नेली. आमच्या घरात वाइन म्हणजे काही रोजची गोष्ट नाही. आई माळकरी आहे, त्यामुळे बाटली उघडण्याचा कार्यक्रम मागच्या अंगणात झाला. अण्णा, तात्या आणि मी. आई दारात उभी राहून बघत होती.

तात्यांनी एक घोट घेतला, पेला बाजूला ठेवला आणि म्हणाले, "एवढी ग्वाड? ह्यात साकर कुणी वतली? आपल्या कारखान्याची हाय का काय?"

अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पेला दोनदा हुंगला आणि मला विचारलं, "ही द्राक्षं आपल्या रानात येतील का?"

आईनं रिकामा पेला हातात घेऊन नुसता वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर गुलाबपाणी आहे."

तीन माणसं, तीन प्रतिक्रिया. खरं सांगायचं तर मस्कॅटच्या वाइनबद्दल समजून घेण्यासारखं सगळं या तीन वाक्यांत आलंय. म्हणून आजचा लेख त्याच क्रमानं लिहिते. एक आधीच सांगून ठेवते: माझं पीएचडीचं काम गवती चहाच्या सुगंधावर आहे, द्राक्षावर नाही. पण गवती चहा आणि मस्कॅट या दोघांच्या वासाचं मूळ एकाच रेणूंच्या कुटुंबात आहे, त्यामुळे हा माझ्या शेजारचाच विषय.

तात्यांचा प्रश्न: साखर कुणी घातली?

अकलूजकरांना वाइन तशी नवी नाही. जवळच मोटेवाडीला फ्रॅटेलीची वाइनरी आहे. 'फ्रॅटेली' म्हणजे इटालियनमध्ये 'भाऊ'. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती उभी केली, आणि तस्कनीतले वाइनमेकर पिएरो मासी तिच्याशी जोडले गेले. त्यामुळे सांजोवेझेसारखी अस्सल इटालियन जात माळशिरस तालुक्यात उगवते, हे आमच्याकडं आता कुणाला नवल वाटत नाही. पण गावात ज्यांनी वाइन चाखलीय, त्यांच्या डोक्यात चव बसलीय ती आंबट-तुरट. आणि गोड वाइन म्हटलं की आठवतं ते गोव्याहून आणलेलं स्वस्त 'पोर्ट'. म्हणून गोड म्हणजे भेसळ, हा तात्यांचा हिशोब.

आता जरा खरा हिशोब मांडू. द्राक्षबागायतदारांना ब्रिक्स सांगायला नको, प्रत्येकाच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो. समजा, द्राक्षाच्या एक लिटर रसात २१० ग्रॅम साखर आहे. यीस्ट ही साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. ढोबळमानानं लिटरमागे १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. यीस्टला शेवटपर्यंत जेवू दिलं तर साखर जवळजवळ संपते आणि १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची, गोडी नसलेली वाइन मिळते. हिलाच 'ड्राय' म्हणतात.

मोस्कातो द'आस्ती करणारे यीस्टला अर्ध्या ताटावरून उठवतात. अल्कोहोल ५ टक्क्यांच्या जवळ आलं की बंद टाकी एकदम थंड करतात आणि यीस्ट गाळून काढतात. ५ टक्क्यांसाठी ८५ ग्रॅम साखर खर्च झाली, उरली १२५ ग्रॅम. ती बाहेरून घातलेली नाही, द्राक्षाचीच आहे. बंद टाकीतला थोडा वायूही वाइनमध्ये राहतो, म्हणून जिभेला बारीक चुणचुण लागते.

यीस्टला थांबवायचे आणखीही मार्ग आहेत. दक्षिण फ्रान्समधल्या बोम-द-व्हेनीझ किंवा रिव्हसाल्तच्या मस्कॅटमध्ये आंबवण सुरू असतानाच द्राक्षाचं तीव्र मद्य ओततात. अल्कोहोल १५ टक्क्यांच्या पुढं गेलं की यीस्ट गप्प होतं. तिसरा मार्ग आमच्या भागाला एकदम ओळखीचा आहे: द्राक्षं आधी सुकवायची. सिसिलीजवळच्या पान्तेलेरिया बेटावर मस्कॅटची द्राक्षं उन्हात सुकवून मग वाइन करतात. तिथं या द्राक्षाचं नाव 'झिबिब्बो', आणि ते आलं अरबी 'झबीब'वरून. झबीब म्हणजे बेदाणा! पंढरपूर-तासगावच्या बेदाणा शेडमध्ये जे घडतं तेच तिकडं घडतं: पाणी उडतं, साखर दाटते, मग यीस्ट दमतं तरी साखर उरते.

तेव्हा तात्या, साखर कुणी वतली नाही, ती उरवलीय. अर्थात, बाजारातल्या प्रत्येक गोड बाटलीला मी हे प्रमाणपत्र देत नाही. गोडी बाहेरून साखर घालूनही आणता येते. म्हणून लेबल वाचायची सवय लावा: द्राक्षाची जात लिहिलीय का, वर्ष लिहिलंय का, आणि साखर किंवा स्वाद घातल्याचा उल्लेख आहे का.

आणि कुणाचीही असली तरी ती साखरच. १०० मिलिलिटरच्या छोट्या पेल्यात अशी साडेबारा ग्रॅम, म्हणजे चहाचे अडीच-तीन चमचे. मधुमेह असेल तर 'द्राक्षाचीच आहे' हे समाधान काही कामाचं नाही.

आईचं वाक्य: हे तर गुलाबपाणी आहे

इथं एक प्रयोग करा. घरातल्या कुणालाही करता येईल, वाइन लागत नाही. नाक चिमटीत घट्ट धरा आणि चमचाभर गुलकंद तोंडात घ्या. काय लागतं? नुसतं गोड. आता नाक सोडा. एका क्षणात गुलाब येतो.

म्हणजे गुलकंदातला गुलाब जिभेवर नसतोच. तोंडातली वाफ घशाच्या मागून नाकात चढते, तेव्हा तो कळतो. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी सगळं आपण ज्याला 'चव' म्हणतो ते नाकाचं काम. मस्कॅटच्या बाबतीत हे पक्कं लक्षात ठेवा: गोडी आणि सुगंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोड पण मस्कॅटच्या वासाची नाही अशी वाइन असते. सुलाची लेट हार्व्हेस्ट शेनँ ब्लाँ हे आपल्याकडचं उदाहरण. उलट फ्रान्सच्या अल्सासमध्ये मस्कॅटची ड्राय वाइन करण्याची जुनी रीत आहे. तिच्यात साखर नावापुरती असते, तरी पिणारा म्हणतो 'गोडसर आहे'. कारण हा वास आणि गोडी यांची गाठ आपल्या मेंदूनं आयुष्यभर मारलेली असते.

मग हा वास कशाचा? टर्पीन नावाच्या रेणूंचा. त्यातले मुख्य तिघं आपल्या घरातलेच. पहिला लिनालूल: धण्याच्या तेलात निम्म्याहून जास्त हाच असतो, मोगऱ्यातही असतो. दुसरा जिरॅनिऑल: गुलाबात आणि रोशा गवतात. तिसरा नेरॉल: त्याचाच भाऊ, तोही गुलाबाच्या अंगाचा. आणि माझा गवती चहा? तो जिरॅनिऑल बनवतो आणि त्याच्यापासून पुढं सिट्राल करतो, म्हणून त्याला लिंबाचा वास. मस्कॅट एक पायरी आधी थांबतो, म्हणून त्याला गुलाबाचा. आईनं 'गुलाबपाणी' म्हटलं तेव्हा तिनं माझ्या यंत्राचं काम एका श्वासात केलं होतं.

प्रमाण किती लागतं? वाइनमध्ये लिनालूल लिटरमागे २५ मायक्रोग्रॅमच्या आसपास असला की माणसाच्या नाकाला कळायला लागतो. उन्हाळ्यात आपल्याकडं येणाऱ्या टँकरच्या भाषेत सांगते: १०,००० लिटरचे ४ टँकर भरून घ्या आणि त्यात मिळून १ ग्रॅम लिनालूल टाका. एवढंसं पुरतं. मस्कॅटच्या द्राक्षात असे मोकळे टर्पीन सगळे मिळून लिटरमागे ६ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतात. म्हणून ज्यानं कधी वाइन हुंगली नाही त्यालाही मस्कॅट लगेच ओळखू येतो. एरवी 'वाइनमध्ये अमुक फळाचा वास' म्हटलं की वाटतं, समोरचा थापा मारतोय. इथं तशी शंका येत नाही.

आणखी एक गंमत. द्राक्षातले सगळेच टर्पीन वास देत नाहीत. बरेचसे साखरेच्या रेणूला बांधलेले असतात, आणि बांधलेला रेणू हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. ही बांधणी तुटेल तसा वास मोकळा होतो. द्राक्षात जे आहे त्यातलं किती पेल्यात येणार हे त्यामुळं वाइन करणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असतं.

एका मण्याचा फरक

पण मग थॉमसनला हा वास का नाही? तेही द्राक्षच आहे.

याचं उत्तर एका जनुकात सापडलं, आणि मला ते फार आवडतं. आमच्या माळशिरस तालुक्याला नीरा उजव्या कालव्याचं पाणी मिळतं. कालव्याच्या तोंडाशी दार असतं, ते किती उघडलं त्यावर खाली किती पाणी येणार हे ठरतं. द्राक्षाच्या पेशीत टर्पीन तयार होण्याचा जो कालवा आहे, त्याच्या तोंडाशी डीएक्सएस नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. मस्कॅट जातींमध्ये या माळेतला २८४ वा मणी बदललेला आहे: लायसिनच्या जागी ॲस्पॅराजिन. बस, एवढंच. त्या एका मण्यामुळं एन्झाइम जास्त जोमानं काम करतं, दार जास्त उघडतं आणि खाली टर्पीनचा लोंढा येतो. २००९-१० च्या सुमारास इटलीतल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. शार्दोने ही तशी मवाळ वासाची जात, पण तिचा एक मस्कॅटसारखा वास येणारा प्रकार आहे. त्याच्यातही याच जनुकात बदल सापडला, फक्त मणी वेगळा.

याचा व्यावहारिक उपयोगही आहे. नवी जात तयार करताना वेलाला फळ लागेपर्यंत दोन-तीन वर्षं थांबायची गरज नाही. रोपाचं एक पान घेऊन डीएनए तपासला की वासाचा अंदाज येतो.

मस्कॅट हे एका जातीचं नाव नाही, खानदानाचं आहे. दोनशेहून जास्त जाती या नावाखाली मोजल्या जातात. बारीक मण्यांचा पांढरा मस्कॅट हा म्हातारा, आस्तीची वाइन त्याचीच. अलेक्झांड्रियाचा मस्कॅट हे त्याचं पोर, म्हणजे वर आलेला झिबिब्बो. आणि त्या पोराचं पुढचं पोर मस्कॅट हॅम्बर्ग. नाव बहुधा 'मस्क' म्हणजे कस्तुरीवरून आलं. तो शब्द फारसी 'मुश्क'वरून, आणि त्याच्याही मागे संस्कृत 'मुष्क' असावा असं भाषातज्ज्ञ मानतात. ओमानच्या मस्कत शहराचा संबंध पुष्कळ जण जोडतात, पण कस्तुरीची बाजू भक्कम आहे.

यातला मस्कॅट हॅम्बर्ग भारतात घरोघरी पोचलाय, फक्त वेगळ्या नावानं. तमिळनाडूत तेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यात तो 'पन्नीर द्राक्षं' म्हणून पिकतो. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. 'पन्नीर' म्हणजे काय माहितीय? गुलाबपाणी! आपल्या बागायतीच्या पुस्तकांत याच द्राक्षाचं नाव 'गुलाबी' आहे. म्हणजे आई जे बोलली, ते तमिळ शेतकरी कधीपासून म्हणतायत.

(बंगलोर ब्लू आणि हे एक समजू नका. त्या काळ्या द्राक्षाचा, 'ग्रेप' गोळीसारखा वास येतो तो मिथाइल अँथ्रानिलेटचा. तो रेणूच वेगळा.)

अण्णांचा प्रश्न: आपल्या रानात येतील का?

हा प्रश्न मला सगळ्यात जड गेला. अण्णांची दीड एकर बाग आहे, बेदाण्याची. त्या वर्षी अवकाळी पावसानं मणी तडकले होते. पेला हुंगताना त्यांच्या डोक्यात वास नव्हता, पर्याय होता. पोरगी शिकलेली आहे, ती सांगेल ते खरं, असा त्यांचा विश्वास. म्हणून नीट विचार करून उत्तर द्यावं लागलं.

वेल येईल का? येईल. द्राक्षं लागतील का? लागतील. वास तेवढाच येईल का? इथं अडचण आहे.

युरोपात द्राक्षं पिकतात ती उन्हाळा ओसरताना. रात्री गार होत जातात, मणी सावकाश पिकतो. आपल्याकडं एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी आणि माल येतो जानेवारी ते मार्च. म्हणजे आपलं द्राक्ष थंडीतून उन्हाळ्याकडं जाताना पिकतं. 'आणखी दहा दिवस वेलावर ठेवू, साखर वाढेल' म्हटलं तर साखर वाढते, पण प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा गरम. गरमीत मण्यातलं मॅलिक आम्ल भराभर जळतं आणि मोकळे टर्पीनही कमी भरतात. शेवटी हातात येते नुसती साखर. आणि आम्लाशिवाय गोड वाइन म्हणजे लिंबू न पिळलेलं सरबत.

यावर उपाय नाहीत असं नाही. छाटणीची तारीख अशी धरायची की माल जानेवारीच्या थंडीत तयार होईल, घडांवर पानांची सावली राखायची, पहाटे तोडणी करायची आणि रस लगेच थंड करायचा. महाराष्ट्रात हे जमणार नाही असं मी म्हणणार नाही. सुलानं 'द सोर्स' या नावाखाली मोस्कातो बाजारात आणलीच आहे. पण यातली शेवटची पायरी, थंड करण्याची, शेतकऱ्याच्या हातात नसते. ती वाइनरीच्या हातात असते.

खरी मेख तिथंच आहे. थॉमसन विकला नाही तर बेदाणा होतो. मस्कॅट हॅम्बर्गला बी असतं, आणि आपल्या गिऱ्हाइकाला बी चालत नाही. म्हणजे वाइनरीनं घेतला नाही तर माल कुठं न्यायचा? २००८ नंतरच्या मंदीत नाशिककडं वाइनच्या द्राक्षांचं नेमकं हेच झालं. माल उचलला गेला नाही आणि अनेकांना उभ्या बागा काढाव्या लागल्या.

म्हणून मी अण्णांना सांगितलं, "लेखी करार हातात आल्याशिवाय एक गुंठाही लावू नका. वास कितीही चांगला असला तरी."

ते म्हणाले, "मग एवढं शिकून काय उपयोग?" हसत म्हणाले, पण म्हणाले. मला वाटतं 'नको' हे कारणासकट सांगता येणं हाही उपयोगच आहे.

प्यायची असेल तर

वयाची आणि परवान्याची अट पाळून, आणि गाडी चालवायची नसताना, एवढं लक्षात ठेवा.

१. *ताजी घ्या.* हलकी मस्कॅट वाइन जपून ठेवायची नसते. काळ जातो तसा लिनालूल बदलून मंद वासाच्या रेणूंत जातो, आणि उष्णतेत हे आणखी भराभर होतं. मे महिन्यात सोलापुरातल्या एसी नसलेल्या दुकानात उन्हाच्या बाजूला उभी असलेली दोन-तीन वर्षांपूर्वीची बाटली घेऊ नका. (मद्य घालून केलेल्या किंवा सुकवलेल्या द्राक्षांच्या वाइन जास्त टिकतात.)

२. *थंड प्या, पण बर्फ नको.* ६ ते ८ अंश बरे. त्याहून गार केली तर टर्पीन उडत नाहीत आणि आपण पैसे मोजले तो वासच गायब होतो. बर्फानं वाइन पातळ होते ते वेगळंच.

३. *पेला अर्धाच भरा.* वरची मोकळी जागा वासासाठी असते. आधी हुंगा, मग प्या.

४. *गोडाबरोबर गोड नको.* गुलाबजामबरोबर घेतली तर हीच वाइन आंबट लागेल. पदार्थापेक्षा वाइन गोड असावी. माझी आवडती जोडी म्हणजे सोलापुरी शेंगाचटणी लावलेली कडक भाकरी. गोडीनं तिखट शमतं, आणि अल्कोहोल कमी असल्यानं तोंडाची आग वाढत नाही. खारे शेंगदाणे, भडंगही चालेल.

५. *५ टक्के म्हणजे सरबत नव्हे.* गोड असल्यामुळं पटकन संपते, तिथंच गफलत होते.

आणि ज्यांना प्यायची नाही त्यांच्यासाठी

यंदा एका परिषदेसाठी मदुराईला गेले होते. तिथल्या बाजारातून दोन किलो पन्नीर द्राक्षं घेतली. निम्मी रेल्वेत पिचली, उरलेली अकलूजला पोचली. आईनं एक मणी तोंडात टाकला, बिया हातावर काढल्या आणि म्हणाली, "बी लई आहे गं." मग आणखी एक घेतला. मग वाटी पुढं ओढली.

वाइनमधला सगळा गुलाब त्या मण्यात आधीपासून असतो. यीस्ट तो तयार करत नाही, वाइन करणाऱ्यानं फक्त तो हरवू द्यायचा नसतो. तेव्हा माळ असो वा नसो, हा वास अनुभवायला कुणालाच अडचण नाही.

अण्णांनी त्या बिया धुऊन कागदावर वाळत घातल्यात. बियांपासून आलेला वेल आईबापासारखाच निघेल याची खात्री नसते, हे मी त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, "मांडवाला सावली तर पडंल."

गुलकंदाचा प्रयोग करून बघा आणि नाक सोडल्यावर काय झालं ते नक्की कळवा. पुढच्या लेखात गवती चहा: उकळताना झाकण का ठेवायचं?